जड आवाज कुठून येतो? शाळा-कॉलेजातल्या बँडसाठी पहिलं मेटल कव्हर रेकॉर्ड करण्याची वाट

पंधरा-सोळा वर्षांच्या चौघांचा एक बँड माझ्याकडे पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आला होता. गिटारवाल्याने गेन, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारं बटण, शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता आणि खोलीत उभं राहून ऐकताना आवाज खरोखर अंगावर येत होता. रेकॉर्ड करून ऐकवला तेव्हा चौघांचे चेहरे पडले. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, कुठे ऐकूच येईना, नुसती पावसासारखी एकसलग खरखर. मग गेन निम्म्याच्या खाली आणला. रिफमध्ये जिथे जिथे थांबायचं आहे तिथे दोन्ही हातांनी तारा घट्ट बंद करायला सांगितल्या, आणि तेवढेच चार बार (चार-चार ठोक्यांची आवर्तनं) वीस मिनिटं घोटून घेतले. पुढचा टेक ऐकताना ड्रमरची मान आपोआप हलायला लागली. गिटार तीच होती, अ‍ॅम्पही तोच.

मेटलचं वजन या थांबण्यात असतं. सगळे एकत्र आदळतात आणि सगळे एकत्र गप्प होतात, त्या दोहोंमधल्या शांततेमुळे पुढचा ठोका जड वाटतो. महागडी सामग्री नसली तरी हे साधतं, आणि हे नसेल तर महागडी सामग्रीही उपयोगाची नाही. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून गिटारच्या भागात मी जास्त रेंगाळणार आहे.

१. गाणं ठरवा

आवडतं गाणं आणि वाजवता येणारं गाणं यात बहुतेक वेळा अंतर असतं. पहिल्या रेकॉर्डिंगसाठी दुसरं निवडा. कसोटी सोपी आहे: बँडमधल्या सगळ्यात नवख्या वादकाला ते गाणं मूळ वेगात, लागोपाठ तीनदा, न अडखळता वाजवता आलं पाहिजे. एकदा जमलं म्हणजे जमलं असं धरू नका.

वेगाचा हिशेब करून पाहा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक सोळांश सूर (ठोक्याचा चौथा भाग) १२५ मिलिसेकंदांचा असतो. २०० ठोक्यांच्या थ्रॅश (अतिवेगवान मेटल) गाण्यात तोच ७५ मिलिसेकंदांवर येतो. तिथे दोन वादकांमध्ये २० मिलिसेकंदांची चूक झाली तर सुराचा पाव भाग निसटला. म्हणून पहिलं गाणं १०० ते १३० ठोक्यांच्या दरम्यानचं, मोठे मोठे रिफ असलेलं घ्या. मधल्या वेगातल्या गाण्यात चूक लपत नाही हे खरं, पण ती ऐकू येते म्हणून सुधारताही येते.

कव्हर करण्यात, म्हणजे दुसऱ्याचं गाणं वाजवण्यात, कमीपणा वाटून घेऊ नका. १९८२ मध्ये मेटॅलिका हा अमेरिकन बँड मंचावर उभा राहिला तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात स्वतःची गाणी मोजकीच होती, बरीचशी डायमंड हेड या ब्रिटिश बँडची होती. पुढे १९८७ मध्ये त्यांनी निव्वळ कव्हरांची एक ईपी (छोटा अल्बम) काढली, तीही गॅरेजमध्ये तालीम करून. दुसऱ्याचं गाणं आतून उघडून बघितल्याशिवाय गाणं बांधलं कसं जातं ते कळत नाही.

गाणं ठरलं की एका कागदावर त्याचा सांगाडा लिहा: सुरुवात ८ बार, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, असं शेवटपर्यंत. इंटरनेटवरचे टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) आंधळेपणाने घेऊ नका, त्यात चुका असतात. गाणं ७० टक्के वेगाने लावून कानाने तपासा, आणि मूळ बँडचा मंचावरचा व्हिडिओ बघून हात फ्रेटबोर्डवर नेमका कुठे आहे ते पाहा. एकच सूर दोन-तीन ठिकाणी वाजतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा पोत वेगळा असतो.

२. ट्यूनिंग आणि तारा

मूळ गाणं कुठल्या ट्यूनिंगमध्ये आहे ते आधी शोधा. साधं ई ट्यूनिंग, सगळ्या तारा अर्धा स्वर खाली, किंवा फक्त सहावी तार ई वरून डीवर आणलेलं ड्रॉप डी, हे नेहमीचे तीन प्रकार. त्याहून खालच्या ट्यूनिंगची एक जुनी कथा आहे, आणि ती तुमच्याच वयाच्या मुलाची आहे. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं चढवलं, हलक्या तारा वापरल्या. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्याने गिटार तब्बल तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तारा दाबायला सोप्या गेल्या आणि आवाजही काळाकुट्ट झाला. आज मेटलमध्ये सर्रास दिसणाऱ्या खालच्या ट्यूनिंगच्या मुळाशी हा माणूस आहे.

तुमची बोटं शाबूत आहेत, तेव्हा तुम्हाला सैल तार त्रासच देईल. ट्यूनिंग खाली नेलं आणि तारा पातळच ठेवल्या तर जोराने पिक मारताच सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली येतो. ट्यूनर सगळं बरोबर दाखवत असतो आणि रिफ तरी बेसूर लागतो, त्याचं कारण हे. ड्रॉप डीपर्यंत १० ते ४६ चा संच (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) चालतो. सी किंवा त्याखाली जायचं असेल तर ११ ते ५४ किंवा त्याहून जाड संच घाला.

नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवा, हाताने ओढून ओढून बसवा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळतो का बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल किंचित मागे न्या. आणि ट्यून करताना तार नाजूकपणे छेडू नका. गाण्यात जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारा. प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघायचा, अपवाद नाही.

३. क्लिकशी दोस्ती

मेट्रोनोमच्या क्लिकवर वाजवायची सवय नसेल तर पहिल्या दिवशी बँड कोलमडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाण्याच्या ६० टक्के वेगापासून सुरुवात करा, रिफ सलग चार वेळा स्वच्छ आला की वेग ५ ठोक्यांनी वाढवा. चुकलात तर १० ने मागे या. रोज अर्धा तास असं केलं तर दोन आठवड्यांत फरक कानाला कळतो. मग क्लिक दर ठोक्याला न लावता बारमध्ये एकदाच, फक्त समेवर लावून बघा. मधले तीन ठोके तुम्हालाच सांभाळायचे असतात, आणि लय अंगात मुरलीय की नाही ते तिथे लगेच कळतं.

एक अडचण येईल. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पुष्कळ गाणी क्लिकशिवाय रेकॉर्ड झाली आहेत, त्यांचा वेग ध्रुवपदात थोडा चढतो, कडव्यात उतरतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ गाणं टाकून प्रत्येक भागाचा वेग मोजा आणि तसा टेम्पो बदलत ठेवा. दोन-चार ठोक्यांचा हा चढ ठेवला तर गाणं श्वास घेतं. मूळ गाणं मात्र फक्त मोजण्यासाठी आणि तुलनेसाठी. शेवटची फाइल काढण्याआधी तो ट्रॅक बंद आहे ना, हे दोनदा बघा.

४. सामग्री, अगदी थोडक्यात

एक कॉम्प्युटर, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी), कान झाकणारा हेडफोन आणि एक डायनॅमिक माइक. इतकंच. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासून बाजारात असलेला माइक आजही गिटारच्या स्पीकरसमोर आणि स्नेअरवर लावला जातो. तो किंवा त्याच्यासारखा कुठलाही चालेल. सॉफ्टवेअर म्हणून अ‍ॅपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड फुकट मिळतं, इतरांसाठी रीपर चांगलं, ते ६० दिवस वापरून बघता येतं. अ‍ॅम्पऐवजी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मोफत प्लगिन पहिल्या कव्हरला पुरून उरतं.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. वाजवताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल किंवा त्याहून कमी. १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आत जाताना आणि बाहेर येताना मिळून याच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त उशीर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर दोन-अडीच मीटरवर ठेवलेल्या अ‍ॅम्पसारखाच. मिक्स करताना बफर १०२४ पर्यंत वाढवा, नाहीतर कॉम्प्युटर अडखळेल.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी गिटारवाल्याने क्लिकवर पूर्ण गाणं एकदा कच्चं वाजवून ठेवायचं, गायकाने त्यावर कच्चं गायचं. हा मार्गदर्शक ट्रॅक. पुढे सगळे याला धरून वाजवतात आणि शेवटी तो फेकून द्यायचा असतो, म्हणून त्यावर वेळ घालवू नका.

५. ड्रम्स

खरे ड्रम्स आणि त्यांना लागणारे सहा-आठ माइक पहिल्याच वेळी मिळणं कठीण. दोनच माइक असतील तर एक किकसमोर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि एक ड्रमरच्या डोक्यावर लावा. खोली चांगली असेल तर तेवढ्यातही काम होतं. इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट असेल तर फारच उत्तम, कारण त्यातून मिडी, म्हणजे आवाजाऐवजी ठोक्यांची नोंद, रेकॉर्ड करता येतं आणि चुकलेला एखादा ठोका नंतर सरकवता येतो.

दोन्ही नसेल तर ड्रम्स सॉफ्टवेअरमध्ये लिहावे लागतात. हे काम बँडच्या ड्रमरनेच करावं असा माझा आग्रह आहे. गिटारवाला ड्रम्स लिहितो तेव्हा हमखास तीन हात लागतील असं काहीतरी लिहून बसतो: हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश एकाच क्षणी. ड्रमरला आपले दोन हात, दोन पाय माहीत असतात.

मशीनगनसारखा निर्जीव आवाज येण्याचं बहुतेकदा कारण असतं, प्रत्येक ठोक्याची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, जास्तीत जास्त १२७) १२७ वर असणं. स्नेअरचे मुख्य ठोके ११८ ते १२७ मध्ये वर-खाली ठेवा. जलद रोलमध्ये सबळ हाताचा ठोका ११० च्या आसपास, दुबळ्या हाताचा १०० च्या. दोन्ही पायांनी किक वाजवायच्या (डबल बेस) जलद भागात पायाचा जोर कमी होतोच, तिथे सगळे आकडे दहाने उतरवा. फिलच्या शेवटी ठोके किंचित पुढे सरकतात, ते तसेच राहू द्या. असा एक बार हाताने नीट लिहा आणि वेड्यासारखा सगळीकडे चिकटवण्याआधी त्याच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या करा.

६. गिटार

आता मुख्य गोष्ट.

केबल इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावा, लाइनमध्ये नाही. सगळ्यात जोराने वाजवा आणि लेव्हल उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंतच जाईल अशी ठेवा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. डिस्टॉर्शन प्लगिनमधून यायचं, इनपुट फाटून नाही. रेकॉर्ड होते ती कोरी गिटार, अ‍ॅम्पचा आवाज फक्त हेडफोनमध्ये ऐकायचा. यामुळे सहा महिन्यांनी अ‍ॅम्प बदलावासा वाटला तरी पुन्हा वाजवावं लागत नाही.

गेन तुम्हाला हवासा वाटतो तिथे लावा, आणि मग तिथून एक तृतीयांश कमी करा. एकट्याने वाजवताना आवाज पातळ वाटेल. वाटू द्या. तुम्ही हाच रिफ दोनदा वाजवणार आहात, आणि दोन गिटारांचा खरखरीतपणा एकमेकांत मिसळून जाडी आपोआप येते.

पिक किमान १ मिलिमीटर जाडीचं घ्या. पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने तार अर्धवट दाबून वाजवण्यासाठी, पिक धरलेल्या हाताची करंगळीकडची कडा अगदी ब्रिजला लागून तारांवर टेकवायची. हात दोन मिलिमीटर पुढे सरकला तर सूर मरतो आणि नुसता ठक्क उरतो. मागे गेला तर तार मोकळी घुमते. मधली ती बारीकशी जागा सापडली की छातीत ठोका बसल्यासारखा आवाज येतो. ती जागा सापडल्यावर हात न हलवता एक मिनिट नुसते आठांश सूर वाजवत राहा, मनगटाला ती लक्षात राहते. शक्य तिथे सगळे फटके खालच्याच दिशेने मारा. खाली-वर मारलेला रिफ आणि फक्त खाली मारलेला रिफ सुरांनी एकच असले तरी कानाला वेगळे लागतात. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डच्या रिदमची ओळखच या डाउनस्ट्रोकमुळे झाली. मनगट भरून आलं तर मात्र थांबा. दुखऱ्या हाताने रिफ सुधारत नाही.

थांबण्याची कला वेगळी शिकावी लागते. सूर तोडायचा त्या क्षणी डाव्या हाताची बोटं तारेवरून उचलायची नाहीत, फक्त सैल करायची, आणि त्याच वेळी उजवा तळवा सगळ्या तारांवर टेकवायचा. बोटं उचलली तर मोकळ्या तारा बोंबलतात. एकच हात वापरला तर शेपूट राहते. हे क्लिकवर, रिफशिवाय, नुसतं एक पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचा एकत्र फटका) आणि एक शांतता असं दहा मिनिटं करून बघा.

मग दोनदा रेकॉर्ड करा. संपूर्ण रिदम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा, आणि पुन्हा नव्याने दुसऱ्यांदा. पहिला टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. पहिल्याच टेकची नक्कल करून दुसरीकडे ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने काही होत नाही, दोन्ही बाजूंना अगदी सारखा आवाज असला की कानाला तो मधोमधच ऐकू येतो. रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकांमुळे. फरक बारीक हवा, मोठा नको. म्हणून दोन्ही बाजू एकाच हाताने वाजवलेल्या असणं चांगलं. मेटॅलिकाच्या ऐंशीच्या दशकातल्या अल्बममध्ये रिदम गिटार जवळजवळ सगळी हेटफील्डनेच वाजवली आहे, मंचावर दोन गिटारवाले असूनही. तुमच्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याला हे आधीच, प्रेमाने सांगा आणि त्याला किंवा तिला सोलो, हार्मनी आणि स्वच्छ आवाजाचे भाग द्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी सांगितलं तर मन दुखावतं, आणि ते वाजवण्यात उतरतं. एका बँडमध्ये मी हे उशिरा सांगितलं होतं, त्या दिवशी दुपारनंतर काहीच धड रेकॉर्ड झालं नाही. चूक माझी होती.

टेक तपासताना दोन्ही ट्रॅकच्या लहरी पडद्यावर एकाखाली एक ठेवून बघा. सुरांची सुरुवात सगळेच जुळवतात, शेवट कुणी बघत नाही. डावी गिटार थांबली आणि उजवी आणखी ४० मिलिसेकंद रेंगाळली तर तो ठोका पोकळ वाटतो. असे शेवट कापून जुळवायला काहीच हरकत नाही, कापलेल्या जागी बारीकसा फेड (आवाज हळूहळू उतरवणं) द्या म्हणजे टिकटिक येणार नाही. सगळंच मात्र कापून-जोडून उभं करू नका. एका ओळीत चारपेक्षा जास्त ठिकाणी कात्री लावावी लागत असेल तर पुन्हा वाजवणं लवकर होतं.

७. बेस

बेसला मेटलमध्ये काम नाही असं म्हणणाऱ्यांना १९८८ चा मेटॅलिकाचा अल्बम ऐकवा, ज्याच्या मिक्समध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. लोक आजही त्यावर हळहळतात. गिटार जड वाटते तेव्हा त्यातला निम्मा जडपणा बेसचा असतो.

चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या स्पीकरला ती पेलवतच नाही. उपाय असा: बेसचा ट्रॅक दोन प्रती करून ठेवा. एकीतून २०० हर्ट्झच्या वरचं काढून टाका, ती स्वच्छ आणि घट्ट राहू दे. दुसरीतून २०० च्या खालचं काढा आणि तिला डिस्टॉर्शन द्या. छोट्या स्पीकरवर ही दुसरी प्रत कानाला बेस आहे हे सांगते. बोटांनी वाजवा किंवा पिकने, पण किकच्या ठोक्याला चिकटून वाजवा.

८. गळा

इथे मी कळकळीने सांगतो आहे, घाईघाईत वाचू नका. तुमच्या वयात आवाज बदलत असतो, स्वरयंत्र वाढत असतं. घसा आवळून केलेली किंकाळी एका दुपारी आवाज घालवू शकते.

नीट केलेला स्क्रीम किंवा ग्राउल गळा फाडून येत नाही. पोटातून धरलेला श्वास आणि स्वरतंतूंच्या वरच्या, आभासी स्वरपटलांचं कंपन यातून तो येतो. मेलिसा क्रॉस या अमेरिकन शिक्षिकेने २००५ मध्ये केवळ याच विषयावर शिकवण्यांची डीव्हीडी काढली, आणि मेटलचे कित्येक गायक तिच्याकडे शिकले आहेत. चांगला ग्राउल प्रत्यक्षात बोलण्याहून फार मोठा नसतो, मोठा करतो तो माइक. जोर लावूनच होत असेल तर तंत्र चुकतंय.

आधी दहा मिनिटं ओठ फुरफुरवून, गुणगुणून गळा गरम करा. १५-२० मिनिटं गायचं, तितकीच विश्रांती, दिवसात एका तासाच्या वर नाही. जवळ साधं पाणी ठेवा. टोचलं, खवखवलं, खोकला आला तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग संपलं, कितीही थोडं उरलं असलं तरी. दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असेल तर कुजबुजूही नका, पूर्ण मौन बरं. दोन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गायकाला स्क्रीम येतच नसेल तर स्वच्छ गा, कव्हर आहे, तुमच्या गळ्याला शोभेल असं करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

माइकचं डोकं मुठीत झाकू नका, आवाज डबा होतो. तोंड ८ ते १० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर. ध्रुवपदाच्या ओळी दोनदा गाऊन घ्या, दुसरा टेक पहिल्याखाली हळू ठेवला की गायक एकटा वाटत नाही.

गळ्यासारखेच कान. ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणं ही कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेने घातलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स आणि अ‍ॅम्प मिळून १०० सहज ओलांडतात. इअरप्लग लावूनच तालीम करा. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर कानांना त्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी मिक्स करू नका.

९. मिक्स

सगळे फेडर खाली आणा. आधी ड्रम्स, मग बेस, मग गिटार, शेवटी गळा, या क्रमाने एकेक वर आणा. इक्वलायझरला हात लावण्याआधी नुसत्या आवाजाच्या पातळ्यांवर गाणं जितकं उभं राहील तितकं राहू द्या.

मग सफाई. गिटारमधून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढा, ती जागा बेस आणि किकची. १० किलोहर्ट्झच्या वरची भिणभिण काढा. २०० ते ४०० च्या दरम्यान चिखल साचलेला असतो, थोडा उपसा. सगळा उपसलात तर गिटार कागदी होते. किक ऐकू येत नसेल तर तिचा खालचा भाग वाढवू नका, ३ ते ५ किलोहर्ट्झमधली टिचकी वाढवा. गिटारचे मधले सूर कापून टाकायची फॅशन नवख्यांमध्ये फार आहे. एकट्याने वाजवताना ते छान लागतं, बँडमध्ये गिटार गायब होते. मध्य ठेवा.

शेजारी मूळ गाणं ठेवून तुलना करा, पण त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली आणून. मोठ्या आवाजातलं गाणं कानाला नेहमीच चांगलं वाटतं. शेवटी सगळं लिमिटरमध्ये (आवाजाची शिखरं दाबणारं प्लगिन) ठेचून मोठं करण्याचा हट्टही सोडा. २००८ मध्ये मेटॅलिकाचा अल्बम इतका ठेचलेला निघाला की चाहत्यांनी त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली मोकळी आवृत्ती जास्त पसंत केली. यूट्यूब तसंही उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) वरचं गाणं खाली आणून वाजवतं, तेव्हा ठेचून मिळवलेला मोठेपणा तिथे उरत नाही, ठेचलेपण तेवढं उरतं. शिखर उणे १ डेसिबलवर अडवा. मग मिक्स मोबाइलवर, इअरफोनवर आणि गाडीत ऐका. एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी पुन्हा ऐका.

१०. व्हिडिओ आणि हक्क

व्हिडिओ नंतर, तयार गाणं स्पीकरवर लावून त्यावर वाजवत काढा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीचा आवाज आणि हात एकमेकांना भिडल्याची चौकट जुळवली की सगळं जुळतं. सेकंदाला ३० चौकटींच्या व्हिडिओत एक चौकट ३३ मिलिसेकंदांची, तेव्हा एका चौकटीपेक्षा जास्त इकडेतिकडे झालं तर ड्रम्सवर लगेच डोळ्यांना खटकतं. गणवेश, शाळेचं नाव, घराबाहेरची पाटी चित्रात येऊ देऊ नका. यूट्यूबवर स्वतःचं खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान कुणी बँडमध्ये असेल किंवा नसलं तरी, चेहरे जगाला दिसण्याआधी सगळ्यांच्या घरी विचारा.

हक्कांचं नीट समजून घ्या, इथे अफवा फार आहेत. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द-संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही सगळं स्वतः वाजवलंत तर मुद्रण तुमचं, रचना मूळ गीतकार-संगीतकारांचीच. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असं खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही. मूळ गाण्याचा किंवा कॅराओकेचा तुकडा खाली वाजत ठेवलात तर दुसऱ्याचं मुद्रणही वापरलंत. चित्रासोबत गाणं वापरायला सिंक परवाना लागतो आणि तो देणं मालकाच्या मर्जीवर असतं. प्रत्यक्षात यूट्यूबवर २००७ पासून असलेली कंटेंट आयडी यंत्रणा बहुतेक कव्हर ओळखते, आणि पुष्कळ प्रकाशक व्हिडिओ राहू देऊन जाहिरातीचे पैसे घेतात. असा दावा आला तर घाबरू नका. दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर खातं जातं, दाव्याने जात नाही. फक्त ऐकण्याच्या सेवांवर गाणं टाकायचं असेल तर वितरकाकडून कव्हरचा यांत्रिक परवाना (रचनेचं नवं मुद्रण वितरित करण्याची परवानगी) आधी घ्या. वर्णनात मूळ बँडचं, गीतकारांचं आणि तुमच्यातल्या प्रत्येकाने काय वाजवलं त्याचं नाव लिहा, टोपणनाव चालेल.

अपलोड झालं की एक कंटाळवाणं काम राहतं, तेही त्याच दिवशी करा. प्रत्येक ट्रॅक, कोऱ्या गिटारसकट, पहिल्या बारपासून सुरू होईल असा वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढा, फाइलच्या नावात टेम्पो आणि ट्यूनिंग लिहा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. वर्षभराने तुमचे कान आजच्यापेक्षा खूप तयार झालेले असतील, आणि हाच मिक्स पुन्हा उघडावासा वाटेल.